म्यूट दाबून ऐकलेलं घर

माझ्या नवऱ्याचा असा समज आहे की माझ्याबद्दल त्याला ठाऊक नाही असं आता काही उरलेलं नाही. लग्नाला अठरा वर्षं झाली, बिचाऱ्याला तसं वाटणारच. पण ही गोष्ट त्याला माहीत नाही. बहिणीलाही नाही, ऑफिसातल्या कुणालाच नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि तुम्ही मराठी वाचता. यातलं दुसरं कारण मोठं आहे.

कुठून सुरू करू? कामापासूनच करते.

टोरोंटोच्या पश्चिमेला एका रीजनच्या कार्यालयात मी नोकरी करते. कुठलं रीजन ते सांगत नाही. रीजन म्हणजे काय हे इथे जन्मलेल्यांनाही धड सांगता येत नाही. वर केंद्र सरकार, त्याखाली प्रांताचं, सगळ्यात खाली शहर, आणि शहर नि प्रांत यांच्या मधे आम्ही. गावाकडच्या माणसाला मी एवढंच सांगते, की आपली जिल्हा परिषद असते ना, तसं. घरासमोरचा कचरा आमचा, बागेतल्या डब्यातला शहराचा. मोठ्या रस्त्यावरचा बर्फ आमचा, गल्लीतला शहराचा. अँब्युलन्स आमची, पण ती ज्या हॉस्पिटलात जाते ते प्रांताचं. नळाचं पाणी, लसी, पाळणाघराची सवलत, स्वस्तातली घरं, म्हाताऱ्या माणसांची दिवसभराची केंद्रं — हे सगळं आमच्याकडे. आणि या सगळ्यासाठी लोकांना एकच फोन नंबर. तो फोन जी उचलते, ती मी.

इथे एक छोटी कबुली आधीच देऊन टाकते. मिसिसागातल्या शाळेच्या जिममध्ये आमचा गणपती बसतो, तिथे लोकांना मी 'रीजनमध्ये पॉलिसीत आहे' असं सांगितलेलं आहे. पॉलिसीत म्हणजे काय, हे कुणी विचारत नाही. नोकरीच्या फॉर्मवर भाषांच्या चौकोनात मी हिंदीवर खूण केली आणि 'इतर भाषा' ही ओळ कोरी सोडली. मराठी लिहिली असती तर उद्या मंडळातलाच कुणीतरी कचऱ्याच्या गाडीची तक्रार करायला फोन लावणार आणि पलीकडे मी सापडणार! एवढीच भीती होती. फोनवर माझं नावही सुलभाचं 'सू' झालेलं आहे.

पण मला सांगायचं आहे ते हे नव्हे. हे सोपं होतं, म्हणून आधी सांगितलं.

आमच्या फोनवर दोन बटणं असतात. एक होल्डचं — ते दाबलं की समोरच्याला संगीत ऐकू येतं आणि आपल्याला काहीच नाही. दुसरं म्यूटचं. ते दाबलं की आपण समोरच्याला ऐकू येत नाही, पण त्याचं घर आपल्याला ऐकू येत राहतं. पोरांचं रडणं, कुकरच्या शिट्या, आम्हाला घातलेल्या शिव्या — सगळं. सहसा आम्ही खोकला आला तर म्यूट दाबतो.

दोन वर्षांपूर्वीच्या नोव्हेंबरातली गोष्ट. हिंदीच्या लाइनवर एका म्हाताऱ्या बाईंचा फोन आला. त्यांचं नाव बदलून मी इथे पारूबाई म्हणते. "बेटी, हमारे मालक को कुछ याद नहीं रहता. घर से निकल जाते," असं त्या म्हणाल्या. आणि मी काही न विचारता फॉर्ममध्ये लिहिलं — हजबंड. हिंदीवाली दुसरी कुणी असती तर विचारलं असतं, मालक म्हणजे कोण, घरमालक का? मी विचारलं नाही, आणि तेवढ्यावरून त्यांना काही कळलंही नाही. मला मात्र कळलं होतं. कराड, इस्लामपूर, तिथलंच कुठलंतरी हे बोलणं होतं.

त्यांचं काम साधं होतं. विसरभोळेपणाचा आजार झालेल्यांसाठी आमची दिवसभराची केंद्रं आहेत. बस दारात येते, माणसाला घेऊन जाते, तिथे जेवण, गाणी, आंघोळसुद्धा, आणि संध्याकाळी परत घरी आणून सोडते. त्यासाठी आम्ही फोनवर नाव, पत्ता, हेल्थ कार्डचा नंबर, डॉक्टरचं नाव आणि घरच्यांचा फोन एवढं लिहून घेतो आणि फाइल त्या विभागातल्या नर्सकडे पाठवतो. बारा मिनिटांचं काम. मी हजारदा केलेलं.

हेल्थ कार्ड आणायला पारूबाई उठल्या. फोन त्यांनी टेबलावरच ठेवला. मी सवयीने म्यूट दाबलं.

"आवं, कुटं निघालासा? बसा हितं."

काय सांगू तुम्हाला — माझे हात कीबोर्डवर होते तसेच राहिले.

"डेपोत," एक पुरुषाचा आवाज म्हणाला.

"आज सुट्टी हाय डेपोला."

"कशाची?"

"नागपंचमी न्हवं का आज! बसा. च्या घ्या. गार झाला म्हंजे नावं ठेवू नगा."

बाहेर बर्फ भुरभुरत होता, आणि कॅनडातल्या कुठल्यातरी स्वयंपाकघरात नागपंचमी होती. मालक एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते, हे मला नंतर कळलं. रोज सकाळी ते कामावर निघायचे, आणि रोज पारूबाई डेपोला एक सुट्टी द्यायच्या.

माझी आई असंच बोलायची. अगदी अस्संच. 'न्हवं का' म्हणताना आवाज जरा वर चढवून, जणू समोरच्याला एवढी साधी गोष्ट ठाऊक नाही याचा मजेशीर राग. मी शिकायला पुण्यात गेले आणि हॉस्टेलच्या फोनवर आईशी हळू आवाजात बोलायला लागले, म्हणजे मैत्रिणींना तिचं बोलणं ऐकू जाऊ नये. मग इथे आले. आई गेली तेव्हा पीआरचे, म्हणजे इथे कायमचं राहण्याच्या परवानगीचे कागद अडकले होते, देश सोडता येत नव्हता. आता घरात नवरा बोलतो ती नागपूरची मराठी, मुलगी उत्तर देते ते इंग्रजीत, आणि मंडळात सगळे जपून, शुद्ध बोलतात. आईचं बोलणं या जगातून गेलं ते गेलं, अशी माझी समजूत होती. आणि ते एका मंगळवारी सकाळी साडेदहा वाजता माझ्या कानात आलं.

पारूबाई कार्ड घेऊन परत आल्या. हे नीट ऐका, कारण सगळं इथेच आहे. कार्ड त्यांच्या हातात होतं. त्या नंबर वाचायला लागल्या होत्या. आणि मी म्हणाले, "नहीं माँजी, आज इतना बस. बाकी मैं अगले मंगलवार को पूछूँगी. मैं ही फोन करूँगी."

का म्हणाले? तोंडातून निघून गेलं, असं मला म्हणता येईल. पण मी कॅलेंडर उघडून पुढच्या मंगळवारची नोंद केली. तोंडातून निघून गेलेल्या गोष्टीची कुणी नोंद करतं का?

पुढच्या मंगळवारी मी फक्त कार्डाचा नंबर घेतला. त्याच्या पुढच्या वेळी डॉक्टरचं नाव. मग डॉक्टरचा पत्ता. मग म्हणाले, मुलाचा फोन नंबर हवा, तो बघून ठेवा. हे सगळं आमच्या एका पानाच्या फॉर्मवर आहे. दर वेळी मी म्हणायचे, "एक मिनट, मैं देखती हूँ," आणि म्यूट दाबायचे. मला काहीच बघायचं नसायचं. मी डोळे मिटून ऐकायचे. कुठल्या मंगळवारी डेपोला कसली सुट्टी ते ऐकायचे. बेंदूर झाला, दसरा झाला, गावची जत्रा झाली. एकदा तर साहेबांच्या पोरीचं लग्न निघालं, म्हणून सगळ्या डेपोला सुट्टी. मालक म्हणाले, "मला आवतण न्हाई?" पारूबाई म्हणाल्या, "आलंय की. फेटा धुवाय टाकलाय." मी हसले. एकटीच, हेडफोन लावून. शेजारच्या टेबलावरची मुलगी माझ्याकडे बघायला लागली.

मग सरळ मराठीत का बोलले नाही? हा प्रश्न मी स्वतःला फार वेळा विचारलेला आहे. मंडळाची भीती? छे, पारूबाई कुठल्या मंडळात जाणार. खरं सांगू? मी मराठीत बोलले असते तर त्या माझ्याशी बोलल्या असत्या — अदबीनं, पाहुणीशी बोलतात तसं. मला ते नको होतं. माझ्यासाठी नसलेलं बोलणं मला हवं होतं. लहानपणी सकाळी अंथरुणात पडून स्वयंपाकघरातलं आईवडिलांचं बोलणं ऐकायचं, तसं. ते आपल्याशी बोलत नसतात, पण घर चालू आहे एवढं कळतं आणि पुन्हा डोळा लागतो. ते मला दर मंगळवारी मिळायला लागलं होतं, आणि मला ते सोडवेना.

एकदा आमच्या तपासणीवाल्या बाईंनी माझा एक कॉल ऐकला. आमचे सगळे कॉल रेकॉर्ड होतात. त्यांनी विचारलं, मधे चार मिनिटं तू गप्प का होतीस? मी म्हणाले, माहिती शोधत होते. त्या म्हणाल्या, ती आजी पाठीमागे काहीतरी बोलतेय, गोड वाटतं ऐकायला. मी म्हणाले, हो ना.

माझे वडील जिल्हा परिषदेत कारकून होते. समाजकल्याण विभागात. लोक थेट आमच्या घरी यायचे, दाखले, अर्ज घेऊन, आणि आप्पा दारातूनच म्हणायचे, उद्या या. वाईट माणूस नव्हते ते, कंटाळलेले होते. आई आतून ओरडायची, "एवढ्या लांबनं आलाय माणूस, आजच द्या की करून!" कॅनडात आल्यावर मला सगळ्यात अभिमान कशाचा वाटला असेल तर याचा, की इथे 'उद्या या' नाही. नव्या लोकांना मी शिकवायचे — फोन केलेल्या माणसाला दुसऱ्यांदा फोन करायला लागला तर ती आपली चूक. आणि तीच मी! आप्पा निदान कंटाळून म्हणायचे. मी हौसेनं म्हणत होते.

असे अकरा मंगळवार गेले. नाताळची सुट्टी सोडून अकरा.

मालक त्या दिवसांत दोनदा बाहेर निघून गेले होते. शेजारच्यांनी आणून सोडलं. पारूबाईंनी ते मला सांगितलं होतं — हिंदीत, रडवेल्या होऊन. मुलगा विमानतळाजवळच्या गोदामात, सून नर्सिंग होममध्ये कामाला, दिवसभर घरात ही दोघंच. "बेटी, वो बस कब आएगी?" असं त्या विचारायच्या, आणि मी सांगायचे, बस थोड़ा और. मी हे सांगायचे आणि मला झोपही लागायची.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी मी नेहमीसारखं म्यूट दाबलं. त्या दिवशी सुट्टी नव्हती. पारूबाई मालकांना हळू आवाजात म्हणत होत्या, "ह्या बाईच्या मनात काय हाय, काय कळंना. दर बारीला एकेक इचारती. पर काय बोलून चालायचं न्हाई. तिला राग आला म्हंजे? तिच्याच हातात हाय सगळं."

आईच्या आवाजात मला कुणीतरी घाबरत होतं.

त्याच दिवशी मी फाइल पाठवली. बारा मिनिटंही लागली नाहीत, सगळं कधीचंच भरलेलं होतं. दुपारी त्या विभागातल्या नर्सशी बोलले. ती चांगली आहे, दक्षिणेकडची, मोकळी बोलते. म्हणाली, अगं, ही फाइल नोव्हेंबरात आली असती तर लगेच जागा होती, दोन होत्या. आता उन्हाळ्यापर्यंत थांबावं लागेल. मी म्हणाले, ओके. नुसतं ओके म्हणाले.

मार्चमध्ये मंगळवारी फोन केला तर मुलानं उचलला. "रीजन? अच्छा, डॅडच्या प्रोग्रामबद्दल?" तो इंग्रजीत बोलत होता, थकलेला. आदल्या आठवड्यात वडील घरातल्या चपला घालून बाहेर पडले होते. दोन तासांनी मोठ्या रस्त्यावरच्या बसस्टॉपवर सापडले, पाय काळेनिळे झालेले. कुणीतरी अँब्युलन्स बोलावली. अँब्युलन्स आमचीच. आता हॉस्पिटलात होते, आणि डॉक्टरांचं म्हणणं होतं की दिवसभर लक्ष ठेवायला कुणी नसेल तर यांना घरी पाठवता येणार नाही. मुलानं वृद्धनिवासांची यादी भरून दिली होती. जिथे आधी जागा निघेल तिथे. तो शेवटी म्हणाला, "थँक्स फॉर फॉलोइंग अप. माझी आई म्हणते, तुम्ही दर आठवड्याला न चुकता फोन करता."

जागा निघाली व्हिटबीला. टोरोंटोच्या पार पलीकडे, पूर्वेला. गाडीनं दीड तास, तोही रस्ता मोकळा असला तर.

केंद्रात वेळेवर गेले असते तर ते घरी राहिले असते का? डॉक्टर म्हणतील, सांगता येत नाही, हा आजार वाढतच जातो. हे वाक्य माझ्या फार कामाचं आहे, म्हणूनच मी ते वापरत नाही. दोन जागा होत्या आणि कार्ड त्यांच्या हातात होतं.

मे महिन्यात पारूबाईंनी स्वतः फोन केला आणि मलाच मागून घेतलं. "सू बेटी," त्या म्हणाल्या. लोकांना घरून घेऊन जाणारी आमची छोटी गाडी असते, ती म्हाताऱ्या माणसांना नेते, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. ती त्यांना व्हिटबीला नेईल का? मुलाला रविवारीच सुट्टी असते. त्यांना रोज जायचं होतं. रोज नाही तर एक दिवसाआड. त्यांचे मालक आता जेवत नाहीत, म्हणाल्या. तिथे त्यांचं बोलणं कुणाला कळत नाही.

आमची गाडी आमच्या हद्दीपर्यंत जाते. व्हिटबी दुसऱ्या रीजनमध्ये. मधे अख्खं टोरोंटो. त्यांना बस, मग ट्रेन, मग दुसरी ट्रेन, मग बस — इंग्रजी पाट्या वाचत, एकटीनं. हे मला तोंडपाठ आहे, मला काहीही बघायची गरज नव्हती.

तरी मी म्हणाले, "एक मिनट माँजी, मैं देखती हूँ." आणि म्यूट दाबलं.

हो. तेव्हाही दाबलं.

पलीकडे काहीच नव्हतं. फ्रिजचा आवाज येत होता. बराच वेळ तेवढाच येत होता. मग पारूबाई म्हणाल्या, "आवं, ती बाई बघाय गेलीया —"

आणि थांबल्या.

माझी गाडी खाली पार्किंगमध्ये होती. त्यांचा पत्ता माझ्यासमोर स्क्रीनवर होता. माझ्या शिल्लक सुट्ट्या होत्या. म्यूट काढून 'मावशी' एवढा एक शब्द बोलायचा होता, आणि त्या घरात कुणीतरी कुणालातरी उत्तर दिलं असतं.

मी म्यूट काढलं. आमची गाडी हद्दीबाहेर जात नाही, हे मी हिंदीत नीट समजावून सांगितलं. ट्रेनच्या चौकशीचा नंबर दिला. तो त्यांनी एकेक आकडा मोठ्यानं म्हणत लिहून घेतला. मग फोन ठेवण्याआधी आम्हाला विचारावं लागतं ते विचारलं, आणखी काही मदत हवी आहे का.

"नहीं बेटी," त्या म्हणाल्या. "तूने बहुत किया."